उपकाराची फेड आणि उपकाराची स्तुती
ख्रिस्ती प्रार्थनेतील एका मराठी शब्दाचा विचार

मराठी ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द वारंवार कानी पडतो. बायबलच्या मराठी भाषांतरांत तो आहे, उपासनाक्रमात तो आहे, आणि घरगुती प्रार्थनेतही तो आहे. ख्रिस्ती समाजाबाहेरील मराठी वाचकाला मात्र तो किंचित अपरिचित वाटतो. ‘आभार’ आणि ‘धन्यवाद’ हे दोन सुटसुटीत शब्द हाताशी असता हा जोडशब्द कशासाठी, असा प्रश्न त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे. प्रश्न वरवर शब्दापुरता दिसला, तरी त्याचे उत्तर शोधताना ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचे आणि कृतज्ञतेचे नाते काय, हा मूळ विषयच समोर येतो.

प्रथम ‘प्रार्थना’ हा शब्द घेऊ. संस्कृतातील ‘अर्थ्’ या धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागून तो सिद्ध झाला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मागणे, याचना करणे असा आहे. लॅटिनमधील ज्या क्रियापदापासून इंग्रजीतील ‘प्रेयर’ हा शब्द आला, त्याचाही अर्थ याचना करणे हाच. म्हणजे दोन्ही परंपरांत ज्या शब्दाने आपण भक्ताचे देवाशी होणारे संपूर्ण संभाषण दर्शवितो, तो शब्द मुळात त्या संभाषणाच्या एका भागाचा, मागण्याचा, वाचक आहे. भाषेने केलेला हा अर्थविस्तार ध्यानात न घेतल्यास प्रार्थना म्हणजे केवळ मागण्यांची यादी, अशी समजूत होण्याचा संभव असतो. आणि ती पुष्कळांची झालेलीही असते.

नव्या करारातील ग्रीक भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आरंभीच चार शब्द एकापुढे एक आले आहेत. ‘देएसिस’ म्हणजे एखाद्या उणिवेपोटी केलेली विनंती. ‘प्रोसेउखे’ हा प्रार्थनेचा सर्वसाधारण शब्द. ‘एन्तेउक्सिस’ म्हणजे दुसऱ्याकरिता केलेली मध्यस्थी. आणि ‘एउखारिस्तिया’ म्हणजे कृतज्ञतेचा उच्चार. यांपैकी तिसरा शब्द टॉलेमी राजांच्या काळी इजिप्तमध्ये राजाकडे करावयाच्या अर्जाला लावीत असत. मराठी भाषांतरकारांनी मध्यस्थीच्या अर्थी ‘रदबदली’ हा दरबारी व्यवहारातला शब्द योजिला, तेव्हा त्यांनी नकळत तोच पूर्वसंस्कार जतन केला, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या यादीत कृतज्ञता ही प्रार्थनेनंतरची शिष्टाचाराची बाब म्हणून आलेली नाही; ती प्रार्थनेचाच एक प्रकार म्हणून आली आहे.

आता या कृतज्ञतेचे स्वरूप पाहण्यासाठी हिब्रू भाषेकडे वळले पाहिजे. कारण नव्या कराराचे लेखक ग्रीकमध्ये लिहीत असले, तरी त्यांच्या उपासनेची घडण हिब्रू स्तोत्रांवर झालेली होती. स्तोत्रांचे जर्मन अभ्यासक क्लाउस वेस्टरमान यांनी असे दाखविले आहे की, जुन्या कराराच्या हिब्रूत निव्वळ ‘आभार मानणे’ एवढ्याच अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. जेथे आपण ‘आभार’ म्हणू, तेथे हिब्रूत ‘होदा’ हे क्रियापद येते. आणि त्याचा अर्थ कबूल करणे, मान्य करणे, उघडपणे सांगणे असा आहे. पापाची कबुली देण्यासही हाच धातू चालतो. त्यापासून झालेले ‘तोदा’ हे नाम स्तुतीलाही लावतात आणि त्या प्रसंगी अर्पावयाच्या यज्ञालाही लावतात. लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील विधीप्रमाणे या यज्ञाचे मांस त्याच दिवशी संपवावे लागे. दुसऱ्या दिवसासाठी ठेवून चालत नसे. एकट्याला ते संपविणे कठीण, म्हणून आप्तस्वकीयांना बोलावणे आलेच. आणि पंगत बसली की देवाने काय केले ते चारचौघांत सांगणेही आले. हिब्रू कृतज्ञता मनातल्या मनात राहत नाही, ती अशी पंक्तीला बसते.

हिब्रूतील दुसरा शब्द ‘बेराखा’. यहुदी मनुष्य भाकर हाती घेऊन जी प्रार्थना म्हणतो, तीत तो भाकरीला आशीर्वाद देत नाही. भाकर देणाऱ्या देवाला धन्य म्हणतो. शुभवर्तमानांत या प्रार्थनेसाठी दोन ग्रीक क्रियापदे आलटून पालटून येतात. मार्काच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालतेवेळी ‘धन्य म्हणणे’ या अर्थाचे क्रियापद आहे, तर आठव्या अध्यायात चार हजारांच्या प्रसंगी ‘कृतज्ञता व्यक्त करणे’ या अर्थाचे. चौदाव्या अध्यायातील अखेरच्या भोजनाच्या वेळी भाकरीपाशी पहिले आणि प्याल्यापाशी दुसरे आले आहे. ज्या विधीला पुढे सर्व ख्रिस्ती जगात ‘एउखारिस्तिया’ हे नाव मिळाले, त्याचे मूळ या भोजनात आहे. मराठीत त्याला कोणी प्रभुभोजन म्हणतात, कोणी मिस्सा म्हणतात. मूळ ग्रीक नावाचा अर्थ मात्र उपकारस्तुती एवढाच आहे.

हे सर्व मराठीत आणताना भाषांतरकारापुढे ज्या अडचणी उभ्या राहिल्या, त्या फार बोधप्रद आहेत. ‘बेराखा’ला आशीर्वाद म्हणावे, तर मराठीतील आशीर्वाद नेहमी वरून खाली येतो. वडील मुलांना आशीर्वाद देतात. मुलाने वडिलांना तो दिला तर हसे होईल. मग मनुष्याने देवाला आशीर्वाद कसा द्यावा? हिब्रूत एकच धातू दोन्ही दिशांनी चालतो, मराठीत चालत नाही. ही अडचण ‘धन्यवाद’ या शब्दाने सोडविली. धन्यवाद म्हणजे धन्य म्हणणे. आज आपण ‘तुम्हांला धन्यवाद’ असे चतुर्थीत बोलतो आणि त्याचा अर्थ आभार एवढाच घेतो. परंतु मराठी बायबलच्या भाषेत ‘देवाचा धन्यवाद करणे’ अशी षष्ठीची रचना आढळते. तीत देव हा धन्यवाद स्वीकारणारा पाहुणा नसून धन्य म्हणण्याचा विषय आहे. विभक्तीच्या या एवढ्याशा भेदात शब्दाचा जुना अर्थ शाबूत राहिला आहे.

दुसरी अडचण ग्रीक ‘खारिस’ या शब्दाची. देणाऱ्याची कृपा आणि घेणाऱ्याची कृतज्ञता हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात आहेत, आणि ‘एउखारिस्तिया’ त्याच कुळातला आहे. लॅटिन ‘ग्रातिया’चीही तीच गोष्ट, म्हणूनच इंग्रजीत कृपेलाही ‘ग्रेस’ म्हणतात आणि जेवणाच्या प्रार्थनेलाही ‘ग्रेस’ म्हणतात. मराठीत ‘कृपा’ हा शब्द घेतला की हा धागा तुटतो. कारण कृपा केली जाते, कृपा परत करता येत नाही. परंतु मराठीत असा एक शब्द आहे की, जो दोन्ही तीरांना लागतो. तो म्हणजे ‘उपकार’. देणारा उपकार करतो आणि घेणारा उपकार मानतो. शिवाय ‘मानणे’ हे क्रियापद तर हिब्रू ‘होदा’च्या अगदी जवळ जाते, कारण मानणे म्हणजे मान्य करणे, कबूल करणे. दूरदेशीच्या दोन भाषांतील दोन निरनिराळे विशेष मराठीच्या एका साध्या वाक्प्रचारात एकत्र यावेत, हा योग खरोखर विलक्षण आहे.

‘आभार’ या शब्दाने हे काम भागले नसते काय? पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांच्या उत्स्फूर्त प्रार्थनेत तो शब्दही येतो, आणि त्यात वावगे काही नाही. तथापि मराठी घरात आई मुलाचे आभार मानीत नाही, मूल आईचे मानीत नाही. आभार हे परक्याचे मानावयाचे असतात. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू झाले की मंडळी चपला शोधू लागतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. देवाला ‘आमच्या बापा’ म्हणून हाक मारणाऱ्या प्रार्थनेत हा औपचारिक दुरावा बेताबेतानेच शोभतो.

परंतु ‘उपकार’ या शब्दालाही मराठीत एक सावली आहे. उपकाराचे ओझे होते, मनुष्य उपकाराखाली दबतो, आणि उपकार फेडावे लागतात. ‘फेडणे’ हे क्रियापद कर्जाला आणि उपकाराला सारखेच लागते. जोवर फेड झाली नाही तोवर घेणाऱ्याची मान ताठ होत नाही. नवस फेडण्याची कल्पनाही याच व्यवहारातली. मग देवाच्या उपकारांची फेड कशी करावयाची? येथेच ‘उपकारस्तुती’ या जोडशब्दाचे मर्म आहे. ‘उपकार’ या शब्दापुढे मराठी मनाला ‘फेड’ हा शब्द अपेक्षित असतो. या समासात त्या जागी ‘स्तुती’ हा शब्द बसला आहे.

या दृष्टीने प्रभूच्या प्रार्थनेकडे पाहिले असता एक जुनी शंका दूर होते. येशूने शिष्यांना शिकविलेल्या या प्रार्थनेत आभाराचा एकही शब्द नाही, सर्व मागण्याच आहेत. मग ती आदर्श प्रार्थना कशी? परंतु त्या मागण्यांत एक अशी आहे की, तिच्या मत्तयातील पाठात पापांना ‘ऋणे’ असे म्हटले आहे. भक्त ती ऋणे सोडण्याची विनंती करतो. फेडण्यास मुदत मागत नाही. ज्याचे ऋण सुटले त्याला फेडावयाचे काही उरत नाही, उरते ते केवळ मानणे. कृतज्ञता त्या प्रार्थनेत शब्दाने नाही, पण तिला जागा करून ठेवलेली आहे.

आता एक कठीण प्रश्न. ज्या घरात मृत्यू झाला आहे, ज्या शेतात पीक जळाले आहे, तेथे उपकारस्तुती कशी करावी? येथेही भाषेचा सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलाने आनंद, प्रार्थना आणि उपकारस्तुती यांचा एकत्र उपदेश केला आहे. तेथे ग्रीकमध्ये ‘सर्व गोष्टींत’ अशा अर्थाची रचना आहे. ‘सर्व गोष्टींबद्दल’ अशी नाही. मराठीत बोलावयाचे तर ती सप्तमी आहे. दुःखाबद्दल आभार माना, असे ती सांगत नाही; दुःखात असतानाही मानणे सोडू नका, असे सांगते. इफिसकरांच्या पत्रात ‘सर्वांबद्दल’ या अर्थाचीही रचना आली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तो शब्द थेस्सलनीकाकरांच्या पत्रातील वाक्याबरोबर वाचावा, हे उचित होय. फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता, आणि तेथे तो मागण्या उपकारस्तुतीसह कळवा असे म्हणतो. मागणे पुरे झाल्यावर नव्हे, मागतानाच.

याची उदाहरणे आपल्या जवळही आहेत. गोव्यात साष्टीतील राय या गावी 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. शेतातली पहिली कणसे कापून त्यांवर आशीर्वाद मागतात. सगळे पीक तेव्हा घरी आलेले नसते. कृतज्ञता त्याच्या अगोदरच चर्चमध्ये पोहोचलेली असते. या गावाजवळच राशोल आहे. तेथे 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, आणि मराठी ग्रंथांच्या परिपाठाप्रमाणे त्याचाही आरंभ मागण्याने नसून नमनाने झाला आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. 1921 साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली; तरी रमाबाईंनी हातचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. ‘सर्व गोष्टींत’ या सप्तमीचा अर्थ समजून घ्यावयाचा तर अशा चरित्रांकडे पाहावे.

लूकाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाल्याची कथा आहे. मागण्यासाठी दहाही जणांनी आवाज चढविला होता. परत आला एकटा, आणि तोही परका मानला गेलेला शोमरोनी. लूकाने त्याचे वर्णन करताना दोन क्रिया सांगितल्या आहेत: त्याने मोठ्याने देवाचा गौरव केला आणि येशूच्या पायांशी पडून उपकार मानले. उपकार आणि स्तुती. बरे होण्याचे मोल त्याने दिले नाही, कोणी मागितलेही नाही. उरलेले नऊ जणही बरे झालेच होते. त्यांची प्रार्थना मागण्यापाशी थांबली, एवढेच.