सहा बटणांची भाषा

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विद्यालयात तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप मोबाइलवर उघडलं की मधोमध चित्रं दिसतात: खाणंपिणं, रोजची कामं, माणसं, मदत. कडेला सहा बटणं असतात: आवडतं, हो, आणखी, आणि त्यांच्या उलट आवडत नाही, नाही, कमी. आधी चित्र दाबायचं, मग बटण. चहाच्या चित्रानंतर ‘आणखी’ दाबलं की फोन ते वाक्य मोठ्याने बोलतो, आणि मराठीतही बोलतो. ॲप फुकट आहे. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ते केलं आहे. अशी साधनं शाळकरी मुलांसाठीच असतात असा समज आहे. माझं म्हणणं असं की त्यांची सर्वांत जास्त गरज विशी-तिशीतल्या त्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) माणसाला आहे, जो बोलत नाही आणि स्वतःच्या कानशिलात मारून घेतो, हाताला चावतो, भिंतीवर डोकं आपटतो. त्याचं स्वतःला मारणं आधी तक्रार म्हणून ऐकावं. औषध, हात धरून ठेवणं, खोलीत कोंडणं यांचा विचार त्यानंतरचा.

या म्हणण्याला भक्कम आधार आहे. ब्रायन इवाटा या अमेरिकी संशोधकाने १९८२ साली स्वतःला इजा करण्यामागचं कारण प्रत्यक्ष तपासून शोधण्याची पद्धत मांडली. पुढे १९९४ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी अशा १५२ जणांच्या तपासण्या एकत्र मांडल्या. त्यांतल्या ३८ टक्क्यांच्या बाबतीत नकोसं काम किंवा नकोशी परिस्थिती टळावी हे कारण निघालं. २६ टक्क्यांच्या बाबतीत कुणाचं लक्ष, खाणं किंवा एखादी वस्तू मिळावी हे होतं. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं मारून घेणं समोरच्या माणसाशी जोडलेलं होतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्यूरँड यांनी १९८५ साली याचं पुढचं पाऊल दाखवलं: ज्या कारणासाठी मूल त्रागा करतं, तेच मागण्याचा सोपा मार्ग त्याला शिकवला की त्रागा कमी होतो. अंघोळीचं पाणी अंगावर पडताच डोकं आपटणाऱ्या मुलाच्या हाताशी ‘थांब’ असं एक चित्र ठेवायचं. सुरुवातीला त्याने ते चित्र दाखवताक्षणी तांब्या खाली ठेवायचा, दर वेळी, न कुरकुरता. मारून घेण्यापेक्षा चित्राला लवकर उत्तर मिळतं हे त्याला कळलं की मगच ‘अजून दोन तांबे, मग थांब’ असं हळूहळू वाढवता येतं.

चित्राच्याही आधी शरीर येतं. मोठ्या वयात मारून घेणं नव्याने सुरू झालं किंवा एकाएकी वाढलं, तर कुठे तरी दुखतंय असं धरून चालावं, तपासणीत तसं काही नाही हे दिसेपर्यंत. किडलेली दाढ, कानातला पू, अनेक दिवसांचं बद्धकोष्ठ, आंबट ढेकरांची जळजळ, मुलींच्या बाबतीत पाळीचं दुखणं. जो गालावर एकाच बाजूला मारतो त्याचं तोंड उघडून पाहिलं पाहिजे. चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर सतत मार बसला तर पडदा सुटून दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळ्यांची तपासणीही टाळू नये. आणि प्रत्यक्ष झटका चालू असताना शिकवण्याची वेळ नसते. तेव्हा डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी किंवा गोधडी धरायची, आवाज आणि गर्दी कमी करायची, एकानेच आणि कमी बोलायचं.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या केंद्रांत ठीक, डिंभ्यात कसं जमायचं? पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर कुकडी प्रकल्पातलं डिंभे धरण उभं राहिलं आणि हुतात्मा बाबू गेनू सागर भरला. पाणी कालव्यांनी दूरच्या दुष्काळी तालुक्यांकडे गेलं आणि काठावरच्या महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. पश्चिमेकडच्या या गावांतली माणसं पावसाळा संपला की मजुरीसाठी नारायणगावच्या अड्ड्याकडे, बागायती पट्ट्यात उतरतात. स्वमग्न माणसाचा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो. तो क्रम मोडला की मारून घेणं वाढतं. इथे तर घर, चूल आणि झोपायची जागा दर वर्षी बदलते. शिवाय भीमाशंकरच्या बाजूचा पाऊस: दिवसचे दिवस घरात, वीज गेलेली, फोन बंद. म्हणून इथे जेलोइतकीच कागदी पाटी महत्त्वाची. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढायचे: पाण्याचा हंडा, भाकरी, गोधडी, अंगणातली बसायची जागा, दुखणारं पोट, दुखणारं डोकं, आणि ‘नको’. घोडेगाव किंवा मंचरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते छापून लॅमिनेट करायचे आणि दोरीत ओवून कायम जवळ ठेवायचे. कुटुंब मजुरीला उतरलं की पाटीही बरोबर जाते, आणि नव्या जागेत तेवढी एक गोष्ट तीच राहते.

‘आता पंचविशीत काय शिकणार?’ हा पहिला आक्षेप. पण तो शिकलेलाच आहे. मारलं की काम थांबतं हे वर्षानुवर्षं त्याने पक्कं केलं आहे. ते शिकता येत असेल तर चित्रही शिकता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. दुसरा आक्षेप, चित्रं दिली की बोलणं कायमचं राहील. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासले. सर्वांत भरवशाच्या २७ उदाहरणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलं होतं. तिसरा आक्षेप घरातलाच असतो: त्याने दाखवलं की आपण थांबायचं, म्हणजे तो डोक्यावर बसेल. त्याला उत्तर असं की आपण आजही थांबतोच, फक्त रक्त निघाल्यावर थांबतो.

चौथा आक्षेप मात्र खरा आहे. इवाटाच्या त्याच आकड्यांत सुमारे २६ टक्के लोक असे होते की त्यांच्या मारून घेण्याचा दुसऱ्या कुणाशी संबंध नव्हता; त्या आघातातून शरीरालाच काही मिळत होतं. तिथे पाटी एकटी पुरत नाही. अंगाला घट्ट दाब, झोका, जड कामं, हाताला सतत काही तरी, हे करून पाहावं लागतं, आणि इजा गंभीर असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावंच लागतं. रिस्पेरिडोन या औषधाला अमेरिकेत २००६ साली ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मान्यता मिळाली, तीही ५ ते १६ वयासाठी. मोठ्यांना ते देताना वजन आणि साखर यांवर डोळा ठेवावा लागतो. औषधाला माझा विरोध नाही. दाढ न पाहता, पाटी न देता केवळ गप्प बसवण्यासाठी दिलेल्या औषधाला आहे.

या माणसांचं वय हीच सरकारी व्यवस्थेतली मोठी अडचण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ व्या वर्षी थांबतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्कही तिथेच संपतो. त्यानंतर राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा आहे, एक लाख रुपयांपर्यंतचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा दाखलाही मिळतो. पण रोजच्या रोज शिकवायला कुणी नाही. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, अनेक वर्षं हेच सांगत आले: बेवारस दिव्यांग मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून बालगृहाबाहेर काढू नका. ज्यांना घर आहे त्यांच्यासाठीही मागणी तीच आहे: अठरा झाली म्हणून मदत थांबवू नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली. पण बांधून ठेवायची वेळ येऊ नये म्हणून आईला जी मदत लागते, ती त्या कलमात नाही.

मागणी मोठी नाही. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी वाचा-उपचारतज्ज्ञ आणि दंतवैद्य प्रौढ स्वमग्नांसाठी बसावेत. ज्याला तोंड उघडू देणं जमत नाही त्याला भूल देऊन दात पाहण्याची सोय असावी. घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने आशाताईंना पाटी करायला आणि नोंदवही ठेवायला शिकवावं: केव्हा मारलं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर आपण काय केलं. आणि ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी त्या दिवसाची वाट पाहू नये. वही आजच सुरू करा, आणि डॉक्टरकडे जाताना ती बरोबर न्या.