पान ओळखलं, पण पाणी कोणतं?

चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत देशभरातली माणसं राहतात, त्यामुळे एकाच झाडपाल्याला घरागणिक वेगळं नाव असतं. वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या बाबतीत त्यातूनच घोळ होतो. मोबाइलवर तिचे गुण वाचायचे आणि हिंदी नाव शोधायचं, तर ‘जलकुंभी’ सापडतं. मग साहजिकच प्रश्न येतो: चंद्रपुरात रामाळा तलावावर माजते तीच का ही? ती खातात?

नाही. रामाळ्यावर माजते ती इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी. देठ फुगीर, फुलं जांभळी, मूळ दक्षिण अमेरिकेतलं. हिंदीत दोघींना एकच नाव पडलं, नातं मात्र काहीच नाही. वॉटरक्रेस मोहरीच्या कुळातली. तिला थंड, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं, म्हणून आपल्या देशात ती हिमालयात, निलगिरीत अशा थंड जागी दिसते. चंद्रपूरचा मे महिना तिला मानवणारा नाही.

काहींना ती म्हणजे अळीव वाटते, आणि हे अगदीच चूक नाही. बाळंतिणीच्या लाडवात घालतो ते अळीव याच कुळातलं आहे. पण ते शेतातल्या मातीत पेरलेलं पीक, पाण्यातलं नव्हे.

मग आपल्याकडे नाल्याकाठी किंवा पाणी ओसरलेल्या बांधीत वॉटरक्रेससारखी जी दिसते ती कोणती? बहुधा रोरिपा. तिचं एक पान चुरगळून नाकाशी धरा, मोहरीसारखा उग्र वास येतो. फूल तांदळाच्या दाण्याएवढं, पिवळं. चार पाकळ्या, त्याही अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या. पुढे बारीक, लांबट शेंगा धरतात. वॉटरक्रेसचं फूलही असंच, फक्त पांढरं. दोघी इतक्या जवळच्या, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी काही काळ वॉटरक्रेसला रोरिपातच घातलं होतं. तो तिखट वास पानात तयार नसतो. पान चुरगळलं किंवा चावलं की आतली दोन द्रव्यं एकत्र येतात आणि झणका सुटतो. कीड दूर ठेवायची ही झाडाची युक्ती.

‘रानातली आहे, खत नाही, फवारणी नाही, म्हणजे शुद्धच’ हा समज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, त्याची दोन कारणं आहेत.

गुरं पाळणाऱ्यांनी म्हशीच्या जबड्याखाली पाणी साठून आलेली सूज पाहिलेली असते. अशी सूज येण्याचं एक कारण म्हणजे यकृतातले पर्णकृमी. या कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली पिल्लं तळ्यातल्या गोगलगाईच्या अंगात शिरतात, तिथे वाढून बाहेर पडतात आणि पाण्यातल्या पानांना, देठांना कवच करून चिकटून बसतात. तो पाला कच्चा खाल्ला, की गुरांसारखाच माणसालाही हा आजार होऊ शकतो. ताप येतो, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखतं. माणसांत तो क्वचितच होतो. पण युरोपात रानातली वॉटरक्रेस कच्ची खाऊन लोक आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. मीठ-पाण्यात धुऊन हे कवच निघेलच याची खात्री नाही. भाजी नीट शिजवली की मात्र कृमी मरतो. नाळीची भाजीही पाण्यातच वाढते, तीही शिजवूनच खावी.

शिजवून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. पाण्यातल्या गाळात शिसं, आर्सेनिक, कॅडमियम असेल, तर वॉटरक्रेससारख्या वनस्पती ते मुळांवाटे ओढून अंगात साठवतात. म्हणून तर दूषित पाणी शुद्ध करायला त्यांचा उपयोग अभ्यासला जातो. कोळशाच्या राखेत असे धातू थोडेफार असतातच. 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांवर देशात चौथं होतं. त्यामुळे वीज केंद्राच्या, खाणींच्या आणि सांडपाण्याच्या नाल्यांकाठचा पाला ताटात घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. तो किती हिरवागार दिसतो यावरून आत काय आहे ते कळत नाही.

आता वॉटरक्रेसला मिळालेल्या ‘शंभरपैकी शंभर’ गुणांबद्दल. 2014 साली अमेरिकेत फळं-भाज्यांची एक यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात वॉटरक्रेस 100 गुणांवर पहिली होती आणि आपला पालक 86.43 वर. हे खरं आहे. पण गुण दिले होते ते 100 कॅलरींमागे किती पोषण मिळतं यावर. वॉटरक्रेसच्या 100 ग्रॅममध्ये जेमतेम 11 कॅलरी असतात, म्हणजे 100 कॅलरींसाठी सुमारे 900 ग्रॅम पाला खावा लागेल! पालक, मेथी, तरोटा खाणाऱ्या घरात काही कमी पडत नाही. तिने कर्करोग बरा होतो, हेही सिद्ध झालेलं नाही. तिच्यातल्या तिखट द्रव्यावर अभ्यास झाले आहेत, एवढंच.

ती झणझणीत चवच हवी असेल, तर घरातलं अळीव काढा. ताटलीत ओलं सुती कापड अंथरून त्यावर चमचाभर बी पसरा आणि कापड सुकू देऊ नका. बिया आधी बुळबुळीत होतात, एक-दोन दिवसांत मोड फुटतात, आणि आठवडाभरात बोटभर उंचीचा कोवळा पाला कात्रीने कापण्याजोगा होतो. कोशिंबिरीत वरून घाला.