घरात वडीलधारे कोण?

१९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कित्येक वाडे जमीनदोस्त केले, तेव्हा त्या वाड्यांबरोबर प्रापंचिक शिक्षणाची एक जुनी शाळाही मोडली, असे आज मागे पाहताना वाटते. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर अशा वसाहती झाल्या; पुढे १९६३ च्या कायद्याने मालकी हक्काच्या सदनिकांचे व्यवहार नियमबद्ध झाले; आणि नोकरीनिमित्त मुंबईस गेलेल्यांनी तर त्यापूर्वीच दोन खोल्यांत स्वतंत्र बिऱ्हाडे थाटली होती.

वाड्यात पाहुणा आला म्हणजे त्याच्या सरबराईची तजवीज कोणा एकट्याच्या शिरावर नसे. पाय धुण्यास पाणी आणि तांब्याभांडे मुलांनी न्यावे, ओसरीवर आजोबांनी क्षेमकुशल विचारावे, कोठीच्या किल्ल्या थोरल्या काकूंकडे असाव्यात, आणि पाट मांडण्यापासून पानात मीठ-लिंबू वाढण्यापर्यंतची उमेदवारी करीत करीत, आपण काही शिकत आहोत याची जाणीवही न होता, पुढची पिढी यजमानपदाला पोचावी, असा तो दस्तूर होता. चुलीपुढे आयुष्य वेचणाऱ्या, ज्यांची गणती पंक्तीत सर्वांत शेवटी होई अशा स्त्रियांच्या श्रमांवर तो उभा होता, हे मात्र विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

सत्तरच्या दशकात आम्ही बिऱ्हाड केले. भाड्याची पावती आमच्या नावाची होती, शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नोंद होती. आणि तरीही लग्नाची अक्षत घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी उंबऱ्याशी उभे राहून, ‘घरात वडीलधारं कोण आहे?’ असे सहज विचारले, तेव्हा उत्तरादाखल आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. त्यांना बसवावे कुठे, आधी पाणी द्यावे की अक्षतेचा स्वीकार करावा, जेवून जाण्याचा आग्रह करावा तर तो किती वेळा, या प्रश्नांची उत्तरे देणारे माणूस गावी होते. सरकारदरबारी सज्ञान ठरूनही प्रौढत्व अंगी आलेले नाही, ही व्याकुळता त्या दिवशी प्रथम जाणवली, आणि ती पुढे प्रत्येक पाहुण्यागणिक, हळूहळू ओसरत, कित्येक वर्षे पुरली.

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या सुबोध मापाने त्याने असंख्य नवपरिणीतांना स्वयंपाकाचा धीर दिला. हे उपकार मोठेच. परंतु आल्यागेल्याशी बोलावे कसे, निरोप द्यावा कसा, हे कोणत्याही ग्रंथातून उचलता येण्याजोगे नव्हते. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्यामागोमाग अतिथीचे स्थान आहे. गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावर हे मुद्दाम सांगावे लागे, यावरून नवख्या यजमानाचे बावरणे आजचे नव्हे, एवढे खास.

आज पाहुण्यांना परस्पर उपाहारगृहात नेण्याची सोय आहे, त्यामुळे ही परीक्षा पुढे ढकलता येते, आणि भीती तेवढी लांबते. म्हणून आईबापांना विनंती आहे की, पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा त्यांच्या आगतस्वागताचा सारा कारभार आपल्या उमलत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती निःशंकपणे सोपवावा, आणि आपण शेजारी बसावे.