‘आम्ही’ की ‘आपण’? : वल्हांडणाची मराठी कथा आणि बाहेरून आलेली व्यक्ती

पेसाह हा ज्यू धर्मीयांचा वसंत ऋतूतील सण होय. मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली, त्या घटनेचे स्मरण या सणात केले जाते. सणाच्या रात्री कुटुंब एकत्र बसते, बेखमीर भाकर व कडू भाजी खाते आणि ‘हागादा’ या ग्रंथातून सुटकेची कथा वाचते. या वाचनाचा एक विशेष आहे. कथा दुसऱ्या कोणाची म्हणून सांगावयाची नसते. प्रत्येकाने जणू आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो अशा भावनेने ती सांगावी, असा दंडक आहे.

आता अशी कल्पना करावी, की मेक्सिकोतील कॅथलिक घरात वाढलेली एखादी स्त्री ज्यू धर्म स्वीकारून निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्यू कुटुंबाची सून झाली आहे. तिचे पूर्वज मिसरात नव्हते. मग या कथेतील प्रथमपुरुष तिने कोणत्या अधिकाराने उच्चारावा? प्रश्न वरवर धर्मशास्त्राचा वाटतो. परंतु तो भाषेचाही आहे, आणि मराठीत त्याला जे रूप येते ते मूळ हिब्रूतही येत नाही. प्रस्तुत लेखात या रूपाचा विचार करावयाचा आहे.

१. मराठीतील वल्हांडण

बायबलच्या मराठी भाषांतरांतून पेसाहसाठी ‘वल्हांडण’ हा शब्द रूढ झाला. ज्या घरांच्या दारांना कोकराचे रक्त लावलेले होते ती घरे ओलांडून संहार पुढे गेला, हा कथाभाग या शब्दात सामावलेला आहे. परंतु कोकणातील बेने इस्राएल समाजात या सणाचे जुने नाव निराळेच होते : ‘अनशी ढाकाचा सण’. अनस म्हणजे आंबट द्राव ठेवण्याचे भांडे; सणात ते झाकून ठेवीत, म्हणून हे नाव. आंबवलेले वर्ज्य करण्याचा मूळ विधी या नावात ओळखू येतो. मिसराचा मात्र त्यात मागमूस नाही. काही घरांत कोकराच्या रक्तात हात बुडवून कागदावर त्याचा ठसा घेत व तो दाराशी लावीत. तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजात विधी टिकला आणि कथा विस्मरणात गेली, असे म्हणावे लागते.

कथा परत आली ती एकोणिसाव्या शतकात, मुद्रणाच्या द्वारे. मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह हागादा शिळाप्रेसवर छापला गेला. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी सचित्र हागादा निघाला. त्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या दिसतात. मिसरातून निघालेली कथा मराठी स्वयंपाकघरात येऊन बसल्याचा हा बोलका पुरावा होय.

२. सर्वनामाचा प्रश्न

हिब्रूत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. स्पॅनिशमध्येही ‘नोसोत्रोस’ हे एकच सर्वनाम. त्याची व्युत्पत्ती ‘आम्ही’ आणि ‘इतर’ अशा दोन पदांची असली, तरी ऐकणाऱ्याला आत घ्यावयाचे की बाहेर ठेवावयाचे हे त्यावरून कळत नाही. मराठीत मात्र ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो सामील होतो. संस्कृतात हा भेद नव्हता. द्राविड भाषांच्या सहवासातून तो मराठीत व गुजरातीत आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जवाहरनगरसारख्या, आयुध निर्माणीमुळे वसलेल्या गावात हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात. तेथील विद्यार्थ्याला हे सहज पटेल : हिंदीतील एका ‘हम’साठी त्याला मराठीत दरवेळी निवड करावी लागते.

हागादाच्या भाषांतरकारापुढे हीच निवड उभी राहते. बाप मुलाला कथा सांगतो आहे. ‘आम्ही गुलाम होतो’ असे म्हटले, तर मूल श्रोता म्हणून बाहेर राहते; ‘आपण’ म्हटले, तर तेही मिसरात होते. हागादात चार पुत्रांचे एक प्रकरण आहे. त्यांतील दुष्ट पुत्राचा दोष एवढाच, की या विधीचा अर्थ विचारताना तो द्वितीयपुरुष वापरतो आणि स्वतःला समुदायातून वगळतो. म्हणजे सर्वनामाची निवड हा नैतिक निर्णय आहे, हे हागादाच सांगतो.

३. बाहेरून आलेल्याचा अधिकार

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात दोन गोष्टी नोंदवलेल्या आहेत. इस्राएल लोकांबरोबर मिश्र लोकांचा मोठा समुदायही मिसरातून निघाला. आणि सुंतेची अट पाळून वल्हांडणात सामील होणारा परका देशात जन्मलेल्यासारखाच मानावा, दोघांना नियम एकच असावा. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मोझेस मायमोनिडीस यांना ओबाद्या नावाच्या धर्मांतरिताने विचारले, की पूर्वजांच्या देवाचा उल्लेख ‘आमच्या’ या शब्दाने मी करावा काय? मायमोनिडीस यांनी होकार दिला. मिसरातून सुटकेच्या वाक्यात हवे तर ‘इस्राएल लोकांना’ असा बदल करावा, न केला तरी बिघडत नाही, असेही त्यांनी कळवले. स्वतःला वगळण्याची मुभा आहे, सक्ती नाही; हा या उत्तराचा मर्मभाग.

धर्मांतराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. स्पेनमधून १४९२ साली ज्यूंना हद्दपार केले गेले. धर्म बदलून मागे राहिलेल्यांवर इन्क्विझिशनची नजर राहिली. पेसाह पाळणे हा गुन्ह्याचा पुरावा ठरे. अशीच न्यायासने १५६० साली गोव्यात आणि १५७१ साली मेक्सिकोत आली. स्पॅनिश बोलणारी स्त्री आज उघडपणे या भोजनाला बसते, तेव्हा जी भाषा एकेकाळी या सणापासून तोडली गेली ती त्याच्याशी पुन्हा जोडली जाते.

४. समारोप

बेने इस्राएल समाजाला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. इस्राएलमध्ये गेल्यावर १९६०च्या दशकाच्या आरंभी विवाहाच्या संदर्भात त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे आदेश निघाले. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांना ‘तुम्ही आमच्यातले काय?’ असे विचारले गेले. आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचे जाहीर केले. ज्यांचे नाते जन्माचे होते त्यांनाही ‘आपण’मध्ये जागा मागावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे धर्मांतरित सुनेचा प्रश्न एकटीचा राहत नाही.

मराठीत ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीयपुरुषी सर्वनामही आहे. पाहुण्याला ‘आपण बसावे’ म्हणतो, तेव्हा तो शब्द आदर देतो आणि अंतरही राखतो. ‘आपण जेवू या’ म्हणतो, तेव्हा तोच शब्द अंतर मिटवतो. बाहेरून आलेल्या व्यक्तीचा त्या रात्रीचा सारा प्रवास एका ‘आपण’कडून दुसऱ्या ‘आपण’कडे होतो. १८४६ व १८७४ च्या हागादांचे वाचन केवळ मुद्रणेतिहासाची साधने म्हणून न करता त्यांतील सर्वनामांच्या अंगानेही व्हावयास हवे. कोणत्या ओळीत श्रोत्याला आत घेतले आहे आणि कोणत्या ओळीत दाराशी थांबवले आहे, हे पाहणे मराठी भाषांतराच्या अभ्यासकाचे काम आहे.