तिसरे शील आणि दुःखी संसार

पंचशीलातील तिसरे शील प्रत्येक उपासकाला मुखोद्गत असते. परंतु त्याचा अर्थ विचारला असता बहुतेकजण ‘परस्त्रीगमन न करणे’ एवढेच सांगून थांबतात. हा अर्थ चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. त्यामुळे एक अवघड प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि वर्षावासातील प्रवचनांनंतर तो पुष्कळदा दबक्या आवाजात विचारला जातो. ज्या संसारात स्नेह उरलेला नाही, जेथे मारहाण आहे, दारू आहे किंवा वर्षानुवर्षांचा अबोला आहे, अशा संसारात अडकलेल्या स्त्रीने वा पुरुषाने अन्यत्र आधार शोधला, तर तो शीलभंग ठरतो काय? धम्माचे प्रयोजनच जर दुःखमुक्ती असेल, तर दुःखातून सुटण्याची ही वाट निषिद्ध का मानावी?

या प्रश्नाला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु तसे उत्तर विचारणाऱ्याच्या कामी येत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम धम्मवचन, नंतर कायदा आणि शेवटी शहादा परिसराचा अनुभव या क्रमाने त्याचा विचार केला आहे.

शीलाचा अर्थ

‘कामेसु मिच्छाचार’ म्हणजे कामसुखाच्या बाबतीतील मिथ्या आचरण. त्यापासून परावृत्त राहण्याचे शिक्षापद उपासक स्वतः ग्रहण करतो. ही कोणा ईश्वराची आज्ञा नव्हे, की जिच्या भंगाबद्दल कोणी वरून दंड करील. ज्या आचरणाने स्वतःचे व दुसऱ्याचे अहित होते ते ओळखून टाळण्याचा तो अभ्यास आहे.

मज्झिम निकायातील सालेय्यक सुत्तात या मिथ्या आचरणाची व्याप्ती सांगितली आहे. माता, पिता, भाऊ, बहीण किंवा नातलग यांच्या रक्षणाखालील स्त्री, पती असलेली स्त्री आणि वाग्दत्त वधू यांचा तेथे उल्लेख येतो. या यादीत स्त्रीची ओळख तिच्या रक्षणकर्त्यावरून होते, आणि त्यावर तत्कालीन समाजरचनेचा ठसा आहे हे मान्य करण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. जे बुद्धिसंगत नाही आणि मानवाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच आपल्याला दिली आहे.

त्याच कसोटीवर दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त मात्र झळाळून उठते. गृहस्थाची आचारसंहिता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सुत्तात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्रालंकार देणे. पत्नीचीही पाच कर्तव्ये आहेत : कामाची नीट व्यवस्था ठेवणे, परिजनांना सांभाळणे, एकनिष्ठ राहणे, मिळवलेले जतन करणे आणि आळस न करणे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की एकनिष्ठेसाठी दोन्ही ठिकाणी ‘अतिचार न करणे’ हाच एक शब्द योजला आहे. मनुस्मृतीने दुराचारी पतीचीही देवाप्रमाणे सेवा करण्याचे बंधन स्त्रीवर लादले. तथागतांनी पतीला व पत्नीला एकाच मापाने मोजले. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन करणारा समाज पुढे धम्माकडे वळला, हे सुसंगतच होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकनिष्ठा हे पाचांपैकी एक कर्तव्य आहे, आणि पतीच्या यादीत त्याच्या आधी सन्मान व अवमान न करणे ही दोन कर्तव्ये येतात. जो पती परस्त्रीकडे ढुंकूनही पाहत नाही, पण घरी आल्यावर पत्नीवर हात उगारतो, त्याने हा उपदेश आधीच मोडलेला असतो. आपल्या समाजात मात्र पाचव्या भागाची चौकशी होते आणि उरलेल्या चार भागांविषयी मौन पाळले जाते.

दुःख हे निमित्त होऊ शकते काय?

मग ज्याच्या वाट्याला ही चार कर्तव्ये आलीच नाहीत, त्याच्यावर पाचव्याचे बंधन राहते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश उपयोगी पडतो. आरशाचा उपयोग जसा प्रतिबिंब पाहण्यासाठी, तसे कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते न्याहाळावे. त्याने आपले, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित होते काय हे पाहावे, असे त्यांनी सांगितले. त्याच उपदेशात जाणूनबुजून खोटे बोलण्याविषयी त्यांनी सर्वांत कठोर इशारा दिला आहे.

गुप्त संबंधांना ही कसोटी लावली, तर असे दिसते की तिसरे शील कधीच एकटे मोडत नाही. त्याच्याबरोबर चौथेही मोडते. कोठे गेलो होतो, उशीर का झाला, पैसे कशावर खर्च झाले, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असत्याने द्यावे लागते. ज्या संसारात दोन माणसे दुःखी होती, तेथे तिसऱ्या माणसाची भर पडते. त्या तिसऱ्या व्यक्तीला उघड नाते नसते, हक्क नसतो, संकटात आवाज नसतो. आणि बहुधा ती स्त्री असते. मुलांना काही कळत नाही असे मानणे हा तर भ्रमच आहे. सारांश, दुःखी संसारातील गुप्त संबंधाने दुःखाचे निवारण होत नाही, ते लपवले जाते. आणि लपवलेल्या दुःखाचे कारण शोधण्याची वाट बंद होते.

तरीही सर्वांना एकाच तराजूत तोलणे धम्माला धरून होणार नाही. चेतना म्हणजेच कर्म, असे तथागतांनी सांगितले आहे. केवळ तृष्णेपोटी संसार फसवणारा आणि मारहाणीला कंटाळून दोन मायेच्या शब्दांसाठी आसुसलेली स्त्री यांची चेतना एक नाही. म्हणून दुसऱ्या प्रसंगी निंदेऐवजी करुणेने चौकशी केली पाहिजे : हिला उघडपणे बाहेर पडण्याची वाट होती काय? ती कोणी बंद केली?

थेरीगाथेतील इसिदासीची कथा येथे आठवते. उज्जैनच्या श्रेष्ठीची ही कन्या पतीची व सासरच्यांची मनोभावे सेवा करूनही टाकली गेली. दुसऱ्या व तिसऱ्या विवाहातही तिच्या वाट्याला तेच आले. अखेर ती भिक्खुणी संघात गेली. गाथेत तिच्या दुःखाचे कारण पूर्वजन्मीच्या परदारागमनात शोधले आहे. परंतु आजच्या दुःखाचा दोष मागील जन्मावर टाकणारी उपपत्ती बाबासाहेबांनी नाकारली आहे. आपल्या दृष्टीने इसिदासीचे महत्त्व वेगळे आहे. तिने फसवणूक केली नाही आणि ती कुढत मेलीही नाही. तिच्यासाठी एक उघडे दार होते आणि त्यातून ती ताठ मानेने बाहेर पडली. मुत्ता थेरीने उखळ, मुसळ आणि वाकड्या पतीपासून सुटल्याचा आनंद स्पष्ट शब्दांत व्यक्त केला आहे. दुःखी संसारातून बाहेर पडणे हे धम्माने लांच्छन मानलेले नाही.

कायद्याची दृष्टी

भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ हे १८६० पासून व्यभिचाराला गुन्हा ठरवीत होते. मात्र तो गुन्हा विवाहित स्त्रीशी तिच्या पतीच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाचाच होता, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत होती. पतीची संमती असेल तर गुन्हाच नाही. पतीने अविवाहित स्त्रीशी वा विधवेशी संबंध ठेवला तरी गुन्हा नाही, आणि फसवल्या गेलेल्या पत्नीला फिर्यादीचा अधिकारही नाही. म्हणजे कायदा नीतीचे नव्हे, पतीच्या मालकीचे रक्षण करीत होता. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १९८५ मध्ये हे कलम वैध ठरवले होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केले, आणि त्या पीठावर त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

गुन्हा रद्द झाला म्हणजे कृत्य नीतिमान झाले, असा अर्थ कोणी काढू नये. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार व्यभिचारी जीवन जगणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क जातो. उपाशी ठेवणाऱ्या पतीला सोडण्याआधीच जी स्त्री गुप्त आधार शोधते, ती आपल्या हातातील हक्कही गमावू शकते, हे तिला वेळेवर सांगणारे कोणी असले पाहिजे.

बाबासाहेबांनी उघडलेले दार

योगायोग असा, की कलम ४९७ रद्द झाले त्याच तारखेला, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. त्यामागील कारणांत हिंदू संहिता विधेयकाची झालेली उपेक्षा हे एक प्रमुख कारण होते. त्या विधेयकाने एकपत्नीत्व बंधनकारक होणार होते आणि स्त्रीलाही घटस्फोटाचा हक्क मिळणार होता. निष्ठा आणि मुक्ती या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मांडल्या होत्या. कारण दार नसलेल्या घरातील निष्ठा हा सद्गुण नसून कैद असते.

घटस्फोटाने संस्कृती बुडेल अशी ओरड झाली, तेव्हा बहुसंख्य शूद्र समाजांत तो रूढच आहे, हे बाबासाहेबांनी निदर्शनास आणले. काडीमोड आणि पाट हे शब्द आपल्या आजी-पणजींना परके नव्हते. टाकलेली वा सोडून आलेली स्त्री घरात लपवण्याची रीत ही वरिष्ठ जातींच्या प्रतिष्ठेचे अनुकरण आहे. ब्राह्मणी कर्मकांड सोडून आलेल्या समाजाने तिची ही लाज मात्र सोबत आणली, ही खेदाची गोष्ट होय.

१९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. मूळ कायद्यात क्रूरतेवरून केवळ न्यायिक विभक्तता मिळत असे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता आणि परित्याग ही घटस्फोटाची कारणे झाली आणि परस्पर संमतीने विभक्त होण्याची सोय झाली.

शहाद्याचा अनुभव

हाच कायदा शहादा तालुक्यातील भिल्ल व पावरा बांधवांना मात्र लागू नाही. अनुसूचित जमाती त्यातून वगळलेल्या आहेत. त्यांच्यात वधूपित्याला देज देण्याची रीत आहे. स्त्री पतीला सोडून दुसऱ्याकडे गेली, तर पंचांसमोर प्रकरण येते आणि नवा पती पहिल्याला भरपाई देतो. या रूढीत स्त्रीची किंमत ठरते आणि ती पुरुषांत वाटली जाते, हा तिचा दोष आहे. परंतु नाते संपल्याचे चारचौघांत सांगितले जाते, दुसरा संसार उघडपणे सुरू होतो आणि त्या स्त्रीला जन्मभर तोंड लपवावे लागत नाही, हा तिचा गुणही मान्य केला पाहिजे.

याच तालुक्याने आणखी एक वाट दाखवली. १९७० च्या दशकाच्या आरंभी जमिनीच्या व मजुरीच्या प्रश्नावर येथे आदिवासींची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे नेते होते, आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. या चळवळीतील स्त्रियांनी गावोगावी जाऊन दारूची मडकी फोडली. पत्नीला मारणाऱ्या नवऱ्याला त्यांनी एकत्र येऊन जाब विचारला आणि माफी मागायला लावली. घरातील दुःख हे त्या एकट्या स्त्रीचे नशीब नसून त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते, हे त्यांनी ओळखले. ‘दुःख आहे, दुःखाला कारण आहे’ हा विचार ज्यांनी विहारात ऐकला नव्हता त्यांनी तो गावच्या चौकात आचरला.

उपासकांचे कर्तव्य

या विवेचनावरून उत्तर असे निघते. संसार दुःखी असला तरी गुप्त प्रतारणेने तिसरे शील मोडतेच. त्यात असत्य आहे आणि अन्य जीवांचे अहित आहे. परंतु त्या शीलाचा अर्थ दुःखात आजन्म राहणे असाही नाही. आधी कारणाचे निवारण, ते अशक्य असल्यास उघड विभक्तता आणि त्यानंतरच नवे नाते, हा क्रम धम्माला धरून आहे. हा क्रम पाळण्याची सोय ज्या समाजाने ठेवली नाही, त्याला शीलभंगाबद्दल बोट दाखवण्याचा अधिकार राहत नाही.

म्हणून प्रत्येक विहाराने काही कामे अंगावर घ्यावीत. मंगलपरिणयाच्या वेळी वधूवरांना सिगालोवादातील दहाही कर्तव्ये अर्थासह समजावून सांगावीत. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला ‘सांभाळून घे’ म्हणून परत पाठवू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती तिला द्यावी. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य विधी सहाय्य मिळते. तालुका विधी सेवा समितीपर्यंत तिच्यासोबत दोन उपासिका चालत गेल्या, तर तेही शीलाचेच आचरण होय. आणि घटस्फोटित स्त्री-पुरुषांना पौर्णिमेच्या वंदनेत पुढच्या रांगेत, इतरांच्या बरोबरीने बसता आले पाहिजे.

बावीस प्रतिज्ञांतील व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा ‘मी’ या शब्दाने सुरू होते. ती स्वतःसाठी घ्यायची असते. शेजाऱ्याच्या घरावर पहारा ठेवण्यासाठी नव्हे. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज आला, तर मात्र त्या दारावर थाप मारण्याचे कर्तव्य आपलेच आहे.