भागीदारीचा करार लेखी का असावा?

जालना जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला घनसावंगी तालुका मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. कापूस, ऊस व मोसंबी ही येथील महत्त्वाची पिके होत. शेतीच्या जोडीने घनसावंगी, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव यांसारख्या गावांत खते-बियाण्यांची दुकाने, किराणा, पीठगिरण्या, पंपदुरुस्ती, मालवाहतूक असे लहान व्यवसाय चालतात. एकट्याचे भांडवल अपुरे पडते, म्हणून दोन भाऊ, मेहुणे किंवा शेजारी एकत्र येतात. भांडवल जमते, दुकानाची पूजा होते; परंतु आपसांतील अटी मात्र बहुधा कागदावर उतरत नाहीत. “घरच्या माणसांत लिहून काय घ्यायचे?” हा त्यामागील विचार असतो.

लेखी करार नसला म्हणजे भागीदारीला नियमच नसतात, असे नव्हे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे तोंडी भागीदारीही वैध आहे. मात्र भागीदारांनी ज्या बाबी ठरविल्या नसतील, किंवा ठरवूनही सिद्ध करता येणार नाहीत, त्या बाबींत या अधिनियमातील सर्वसाधारण तरतुदी लागू होतात. त्या अनेकदा भागीदारांच्या मनातील समजुतीहून अगदी भिन्न असतात.

न लिहिलेल्या अटी

समजा, दोघांनी मिळून कृषी सेवा केंद्र काढले. एकाने तीन लाख रुपये घातले; दुसऱ्याने एक लाख घातले आणि दिवसभर दुकानात बसण्याचे काम पत्करले. वर्षाअखेर दोन लाख रुपये नफा झाला. करार नसल्यास तो नफा निम्मा-निम्मा वाटला जातो. तीन लाख घालणाऱ्यास भांडवलावर व्याज मिळत नाही आणि दुकान सांभाळणाऱ्यास पगार मिळत नाही. तोटा आला तर तोही दोघांनी सारखाच सोसावयाचा. एखाद्या भागीदाराने आपल्या भांडवलाव्यतिरिक्त व्यवसायास रक्कम उसनी दिली, तर त्या रकमेवर दरसाल सहा टक्के व्याज मिळते, एवढीच सोय आहे. अशा वेळी आपल्यावर अन्याय झाला असे दोघांनाही वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो कोणावरच झालेला नसतो.

याहून गंभीर प्रश्न भागीदाराच्या मृत्यूनंतर उभा राहतो. विरुद्ध करार नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संस्था विसर्जित होते. ज्या घरातील कर्ता गेला, त्या घरातील विधवेस व मुलांस हिशेब मागावा लागतो. पण भांडवल किती होते व उधारी किती येणे होती, याचा कागद त्यांच्या हाती नसतो. भागीदारीस मुदत ठरविलेली नसल्यास कोणताही भागीदार इतरांना लेखी सूचना देऊन ती संपवू शकतो, हेही ध्यानात घ्यावे.

भावाभावांच्या दुकानाबाबत आणखी एक भेद आहे. भागीदारी कराराने निर्माण होते, नात्याने नव्हे. एकत्र कुटुंबाचा धंदा चालविणारे भाऊ केवळ त्या नात्यामुळे भागीदार ठरत नाहीत. वाटणीनंतरही धंदा एकत्रच ठेवावयाचा असेल, तर तो कोणत्या नात्याने चालणार हे लिहून ठेवणे विशेष अगत्याचे आहे.

करारात काय असावे?

करारनाम्यात संस्थेचे नाव व पत्ता, व्यवसायाचे स्वरूप, आरंभाची तारीख, प्रत्येकाचे भांडवल, नफा-तोट्याचे प्रमाण, काम करणाऱ्याचा मोबदला, घरखर्चासाठी उचल किती घ्यावयाची, बँकेतील खाते कोणाच्या सहीने चालवावयाचे, कर्ज काढण्यास कोणाची संमती हवी, हिशेब कोणी लिहावयाचे, भागीदार निवृत्त झाल्यास किंवा मरण पावल्यास त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवून किती मुदतीत द्यावयाची आणि तंटा झाल्यास लवाद कोणाचा, या बाबी स्पष्ट असाव्यात. करारनामा योग्य मूल्याच्या मुद्रांकावर करून सर्वांनी त्यावर सह्या कराव्यात. भागीदारांचे हिस्से लेखी करारात नमूद असल्याशिवाय त्यांना दिलेला पगार व व्याज आयकरासाठी खर्च म्हणून मान्य होत नाही.

तथापि, धनकोच्या बाबतीत करारनाम्याला मर्यादा आहे. संस्थेच्या कर्जास प्रत्येक भागीदार व्यक्तिशः व संपूर्णपणे जबाबदार असतो. आपसांतील प्रमाण दाखवून धनकोचे देणे टाळता येत नाही. ही जबाबदारी सीमित ठेवावयाची असल्यास २००८ च्या अधिनियमाप्रमाणे मर्यादित दायित्व भागीदारीचा मार्ग उपलब्ध आहे. तेथेही करार नसल्यास नफा सारखाच वाटला जातो.

नोंदणीचे महत्त्व

भागीदारी संस्थेची निबंधकाकडे नोंदणी केंद्रीय अधिनियमाने सक्तीची केलेली नाही. परंतु नोंदणी नसलेल्या संस्थेस करारातून उद्भवणाऱ्या हक्कासाठी त्रयस्थ व्यक्तीविरुद्ध दावा लावता येत नाही. भागीदारासही असा दावा संस्थेविरुद्ध किंवा अन्य भागीदाराविरुद्ध आणता येत नाही. मात्र अशा संस्थेविरुद्ध इतरांना दावा करता येतो. हंगामात खते-बियाणे उधारीवर देऊन पीक आल्यावर वसुली करणाऱ्या दुकानदाराने याचा विचार अवश्य करावा.

महाराष्ट्राने १९८४ साली केलेल्या दुरुस्तीने, काही अपवाद वगळता, नोंदणी नसलेल्या संस्थेच्या विसर्जनाचा किंवा विसर्जित संस्थेच्या हिशेबाचा दावा करण्यासही मनाई केली होती. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली. त्यामुळे विसर्जन व हिशेब मागण्याचा मार्ग आज खुला आहे. परंतु चालू धंद्यातील करारजन्य हक्कांसाठी नोंदणीची आवश्यकता कायम आहे.

गावाचे साहाय्य

लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. याच तालुक्यातील जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. स्वच्छ लिहिण्याची ही शिकवण व्यवहारासही लागू पडते.

या कामी पंचायत सदस्य, ग्रामपातळीवरील अधिकारी व शिक्षक यांचा मोठा हातभार लागू शकतो. बारावीच्या ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ या विषयात भागीदारीचे हे नियम शिकविले जातात. शिक्षकांनी गावातील व्यवसायाचे उदाहरण घेऊन ते समजावून दिल्यास विद्यार्थ्यांमार्फत ते घरोघरी पोहोचतील. ग्रामपंचायतीने आपले गाळे भागीदारांना भाड्याने देताना करारनामा केला आहे काय, एवढी विचारणा केली तरी अनेकांचे लक्ष या बाबीकडे वळेल. कराराचा मसुदा मात्र वकील किंवा सनदी लेखापाल यांच्याकडून तपासून घ्यावा. सर्वांचे मन जुळलेले असते त्या आरंभीच्या दिवसांतच हे काम सुलभतेने होते. वाद उपस्थित झाल्यावर त्याच अटींवर एकमत घडवून आणणे दुरापास्त होते.