चौकोनी खोलीवर गोल घुमट

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा घड्याळाचा मनोरा अष्टकोनी आहे. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला हा राजवाडा 1877 ते 1884 या काळात काळ्या दगडात उभा राहिला. इथला अष्टकोन शोभेचा. पण इस्लामी वास्तुकलेत तो आला बांधकामाच्या गरजेतून. चौरस खोलीवर गोल घुमट ठेवला की चारही कोपरे उघडे पडतात. ते तिरके बंद केले की चौरसाचा अष्टकोन होतो, आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसते.

या युक्तीचे सर्वात धाडसी रूप विजापूरच्या गोलघुमटात दिसते. विजापूरचा सुलतान महंमद आदिलशहा 1656 मध्ये वारला. गोलघुमट ही त्याचीच कबर. आतल्या दालनाचा चौरस बाजूला सुमारे 41 मीटर. प्रत्येक भिंतीवर दोन, असे आठ बिंदू घेतले आणि एक सोडून एक जोडले, की एकमेकांवर 45 अंशांनी फिरवलेले दोन चौरस मिळतात, म्हणजेच आठ टोकांची चांदणी. तिच्या प्रत्येक रेषेवर एक कमान आहे. एकमेकींना छेदणाऱ्या या आठ कमानींच्या मधोमध लहान अष्टकोन उरतो. त्याच्या काठावर सज्जा आणि सज्ज्याच्या मागच्या बाजूला घुमट. घुमट भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, तर कमानींवरून आत झुकलेल्या बांधकामाचे वजन त्या रेट्याला आवर घालते. नक्षीत शोभणारी चांदणी इथे चक्क भार पेलते.

ही चांदणी कागदावर काढायला कंपास आणि पट्टी पुरतात. जमिनीवर आखायला दोरी आणि खुंट्या. बगदादच्या अबुल वफा बुझजानी या गणितज्ञाने दहाव्या शतकात खास कारागिरांसाठी भूमितीचे पुस्तक लिहिले. गणितज्ञांकडे सिद्धता असते, पण हत्यार चालवण्याचा सराव नसतो. कारागिरांचे नेमके उलटे, हे त्याने नोंदवले आहे.

अशा कारागिरांच्या हातची चौकोन, षट्कोन यांची नक्षी ठरावीक अंतराने तशीच पुन्हा येते. खरी अडचण पाचाची. नुसत्या नियमित पंचकोनांनी फरशी भरत नाही, मध्ये फटी राहतातच. इराणी कारागिरांनी दशकोन, पंचकोन आणि आणखी तीन आकारांच्या जोडणीतून मार्ग काढला. इस्फहानच्या दर्ब-इ-इमाम दर्ग्यावरची 1453 ची नक्षी गणितज्ञ पेनरोझ यांच्या विसाव्या शतकातल्या, कधीच जशीच्या तशी न आवर्तणाऱ्या मांडणीच्या अगदी जवळ जाते, असे पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी 2007 मध्ये दाखवले. त्या कारागिरांना त्यामागचे गणित ठाऊक होते, असे मात्र यावरून म्हणता येत नाही.

गोलघुमटाला गेलेले बहुतेक लोक प्रतिध्वनी ऐकायला थेट सज्ज्यावर धावतात. त्याआधी दालनाच्या मध्यावर उभे राहून वर पाहावे. आठही कमानी तिथूनच नीट मोजता येतात.